पावणेपाचची चेतक : दोन सायलेन्सर बदलूनही न थांबलेल्या आवाजाचं प्रकरण

गल्लीत कुणाचं काही बिघडलं की माणसं आधी माझ्या दाराशी येतात, कारण माझ्याकडे व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली. त्यामुळे मिक्सरपासून नळाच्या चावीपर्यंत सगळं मला कळतं, असा शहापुरातल्या आमच्या गल्लीचा ठाम समज आहे. 2023 च्या जुलैत समोरच्या वहिनी आल्या, त्या मात्र मिक्सर घेऊन आल्या नव्हत्या.

"दादा, आप्पांना तुम्हीच सांगा की. मी सांगितलं तर भांडण हुतंय."

त्यांची लेक निपाणीहून बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ बावीस दिवसांचं. आमच्याच गल्लीतल्या आप्पांचा मध्यवर्ती बसस्टँडजवळ चहाचा गाडा आहे, पहिल्या एसट्यांच्या आधी तो पेटायला लागतो. म्हणून आप्पा पहाटे पावणेपाचला दुधाचे दोन कॅन पुढच्या पायठेवणीत मांडून चेतक स्कूटरला कीक मारतात. कीक बसली की बाळ दचकून उठतं आणि सातपर्यंत रडतं. आधी वहिनींच्या घरच्यांनी "गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेऊन चालू करा" असं सुचवून पाहिलं होतं. आप्पांना ते लागलं होतं. वहिनींच्या पुतण्याने मोबाईलवर कायदा काढून दाखवला, तेव्हा तर बोलणंच बंद झालं.

संध्याकाळी आप्पांकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, "मला ठाऊक हाय तू कशाला आलास ते. चौदा महिन्यांत सायलेन्सर दोनदा बदलला. आता काय गाडी डोक्यावर घिऊन जाऊ गा?"

त्यांचा राग खोटा नव्हता. माणूस दोनदा खर्च करून बसला होता आणि आवाज होता तिथेच होता. उलट दुसऱ्या सायलेन्सरनंतर थोडा वाढलाच होता. माझी उत्सुकता जागी झाली ती याच गोष्टीने. नवा सायलेन्सर बसवल्यावर आवाज वाढत असेल, तर दोष सायलेन्सरच्या पोटात नाही, तो दुसरीकडे कुठेतरी आहे.

गाडी

1993 ची चेतक, के.ए. 22 पासिंग. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे दिवस तोवर सरले होते, तरी आप्पांनी ती घेतली तेव्हा गल्लीने पेढे खाल्ले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : बजाजने आधी इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली, तो करार 1971 मध्ये संपला आणि 1972 पासून 'चेतक' नावाने गाडी येऊ लागली. इंजिन टू-स्ट्रोक, सुमारे 145 सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही 57 मिमी. सिलिंडर ओतीव लोखंडाचा, तो उजव्या बाजूला आडवा झोपलेला, आणि धूर बाहेर पडायचं तोंड खाली जमिनीकडे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. बिघाड डोळ्याआड राहिला तो त्यामुळेच.

आप्पांना आणखी एक घाई होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. 2008, 2013, 2018 झालं, आता नोव्हेंबरात परत आरटीओची पायरी चढायची होती, आणि असा आवाज घेऊन तिथे जायचं त्यांना धाडस होत नव्हतं. पुतण्याने दाखवलेला कायदा अर्धवट होता, पण अगदीच चुकीचाही नव्हता. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर ध्वनीची मर्यादा मोडणाऱ्या गाडीला कलम 190 खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र तो जो "रात्री 45 डेसिबल" म्हणत होता, तो आकडा गाडीचा नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत एकूण वातावरणाची जी सरासरी पातळी ठरवली आहे, ती ही. 2003 पासून बनणाऱ्या 80 ते 175 सीसीच्या दुचाक्यांना कारखान्यातून बाहेर पडतानाच 77 डेसिबलची मुभा आहे. म्हणजे अगदी नवीकोरी स्कूटर गेली तरी पहाटेची गल्ली क्षणभर 45 च्या वर जाणारच. पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "काका, तुम्ही कुणाच्या बाजूने हाय?"

पहाटेचं ऐकणं

दुसऱ्या दिवशी साडेचारला उठून मी वहिनींच्या खिडकीखाली उभा राहिलो. पाऊस बारीक होता. आप्पांनी कॅन ठेवले, चोक ओढला, गाडी डावीकडे कलती करून परत सरळ केली (पेट्रोल नीट उतरावं म्हणून, चेतक चालवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही), आणि तिसऱ्या कीकला ती उठली.

आवाज एक नव्हता, दोन होते. एक खालचा, भरलेला, भुक्-भुक्-भुक् असा. तो प्रत्येक चेतकला असतोच. त्याच्यावर स्वार झालेला दुसरा आवाज कोरडा, फटाक्याच्या लवंगीसारखा, फट्-फट्-फट्. आणि हा दुसरा मागच्या नळीतून येत नव्हता. मी गाडीच्या मागे गेलो तर तो कमी झाला, उजव्या बाजूला बसलो तर कान झाकावे लागले.

इथे थोडं विषयांतर करतो. शहापूर, वडगाव, खासबाग म्हणजे मागवाल्यांचा भाग. यंत्रमागांच्या खटखटाटात या गल्ल्यांच्या तीन पिढ्या झोपल्या आहेत. वहिनींचं स्वतःचं माहेर मागवाल्यांचं, त्यांना माग बंद पडला की जाग यायची. मग एका स्कूटरने असं काय व्हावं? माझ्या मते उत्तर आवाजाच्या जातीत आहे. मागाचा आवाज सलग, ठरावीक, कान त्याला भिंतीत गाडून टाकतो. फट् करून येणारा आवाज शांततेतून अचानक उगवतो आणि त्याला टोक असतं. माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, आणि त्या टोकात नेमका तोच पट्टा भरलेला असतो. खालचे, घुमणारे आवाज कान बराच माफ करतो. आवाजाच्या मीटरमध्येही कानासारखं वजन लावलेलं असतं, त्यात 50 हर्ट्झचा सूर जवळपास 30 डेसिबलने कमी धरला जातो. वर आमची गल्ली दहा फुटांची, दोन्ही बाजूंना भिंती. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो, गल्लीत तो उतरायला जागाच मिळत नाही, या भिंतीवरून त्या भिंतीवर चेंडूसारखा खेळतो.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. मिनिटाला तीन हजार फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास धक्के. एक्झॉस्टचं तोंड उघडलं की दाबाखालचा धूर एकदम सुटतो, आणि त्या प्रत्येक धक्क्याला धारदार कड असते. सायलेन्सरचं काम ही कड मोडायचं. अरुंद नळीतून धूर एकदम मोठ्या पोटात येतो, तिथे पसरतो, पत्र्याच्या आडव्या भिंतींवर आपटतो, भोकांच्या नळ्यांतून वाट काढत शेवटी बारीक तोंडातून बाहेर पडतो. बाहेर येतो तोवर फट् चं भुक् झालेलं असतं. पण हे सगळं सायलेन्सरमध्ये शिरलेल्या धुराला लागू. जो धूर त्याच्या आधीच निसटला, त्याची कड मोडणार कोण?

ओलं पोतं

परीक्षा साधी आहे. सायलेन्सर गरम व्हायच्या आत, गाडी नुकती चालू केल्यावर, ओलं पोतं चार पदरी घडी करून सायलेन्सरच्या मागच्या तोंडावर दाबून धरायचं. सगळं घट्ट असेल तर धुराला वाट मिळत नाही आणि इंजिन दोन-तीन सेकंदांत गुदमरून बंद पडतं. मी पोतं दाबलं. आप्पांची चेतक बंद तर पडलीच नाही, वर खालून जास्तच जोरात फटफटायला लागली.

आप्पा हातातला कॅन खाली ठेवून वाकले. "आयला, हे काय?"

मी म्हटलं, "तुमचे दोन सायलेन्सर हितनं गेले."

चहाचा गाडा त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा पेटला. दुपारी आप्पा परतल्यावर पेट्रोलचा कॉक बंद केला, अंगणात पोती अंथरून गाडी डाव्या अंगावर झोपवली आणि बॅटरी मारून पाहिलं. सिलिंडरचं जे तोंड खाली असतं, त्याला मेस्त्री लोक 'गळा' म्हणतात. सायलेन्सरची पुढची नळी या गळ्यावर टोपीसारखी चढते, वरून क्लॅम्प आवळतात. मध्ये पॅकिंग नसतं, एकावर एक बसणाऱ्या दोन धातूंच्या मापावर सगळी मदार. त्या जागी काळा, तेलकट ओघळ आला होता आणि तो इंजिनाच्या पत्र्यावर फुलासारखा पसरला होता. इतका जुना की त्याच्यावर धूळ बसून परत ओघळ आला होता.

क्लॅम्पचा बोल्ट निघेना. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवला, तेव्हा सकाळी निघाला. नळी हाताने हलवली तर ती गळ्यावर डुलत होती. व्हर्नियर लावला. गळा आडवा एक माप, उभा दुसरंच. जवळपास 0.9 मिमीचा फरक, म्हणजे गोल राहिलाच नव्हता, अंडाकृती घासला होता. आणि नळीचं तोंड गळ्याच्या लहान मापापेक्षा दीड मिलिमीटरहून जास्त मोठं. त्या फटीत पोस्टकार्डाची दुहेरी घडी सहज सरकत होती. क्लॅम्प कितीही आवळा, नळीचं तोंड वाकडं होणार, पण फट मिटणार नाही.

पण गळा घासला का? ओतीव लोखंड उगाच घासत नाही.

खरं कारण मागे सापडलं. सायलेन्सर दोन जागी धरलेला असतो : पुढे गळ्यावर आणि मागे इंजिनाच्या चाकाकडे जाणाऱ्या हाताला एका बोल्टने. इंजिन आणि सायलेन्सर असे एकत्र बांधलेले असतात तेव्हा दोघं एकदम हलतात, एकमेकांवर घासत नाहीत. आप्पांच्या गाडीत मागच्या बोल्टचे आटेच गेले होते. केसिंग अॅल्युमिनियमचं, वर्षानुवर्षं उघडझाक करून आटे झिजलेले, आणि कुणीतरी तिथे बोल्टऐवजी बांधकामाची तार पिळून ठेवली होती! तारेवर चिखल बसल्यामुळे कुणाच्या नजरेला ती पडलीच नव्हती. म्हणजे सायलेन्सरचं सगळं वजन पुढच्या गळ्यावर लोंबकळत होतं आणि दर सेकंदाला पन्नास वेळा त्याला ठोके देत होतं. दुसरा सायलेन्सर पहिल्यापेक्षा जड होता, दुकानदाराने "हेवी आहे, आवाज खाईल" म्हणून दिलेला. जड असल्यामुळे त्याने गळा आणखी जोरात ठोकला आणि फट वाढली. नव्या सायलेन्सरने आवाज वाढायचं कोडं इथे सुटलं.

ज्या गॅरेजमध्ये काम झालं त्याला शिव्या घालायचा मोह आप्पांना झाला. मी म्हटलं, राहू द्या. गिऱ्हाईक समोर उभं राहून "लवकर करा, चहाला उशीर होतोय" म्हणत असेल तर कुणीही तारच पिळणार.

जे केलं नाही

या दोन-तीन दिवसांत सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने सांगितलं, सायलेन्सरच्या तोंडात भांडी घासायचा लोखंडी काथ्या कोंबा. चार चाकीच्या काही सायलेन्सरांत काचेची लोकर असते, त्यावरून निघालेली ही कल्पना. टू-स्ट्रोकमध्ये धुराबरोबर न जळलेलं तेल येतं. काथ्या ते पितो, दोन महिन्यांत डांबराचा गोळा होतो आणि धुराचा रस्ता बंद होतो. मागचं तोंड बारीक करायचा सल्लाही त्याच कुळातला. आवाज उतरतो हे खरं, पण गरम धूर आत अडकतो, सिलिंडर तापतो, आणि एखाद्या दिवशी चढावर दोन कॅन दूध घेऊन पिस्टन जागच्या जागी जाम. असे दोन इंजिन मी स्वतः उघडलेले पाहिले आहेत.

चहाच्या गाड्यावरच्या एका रिक्षावाल्याचं म्हणणं नेमकं उलटं : आतल्या भिंती फोडून टाका, गाडी मोकळी पळेल. हे तर दुप्पट चुकीचं. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टचं तोंड उघडं असतानाच नवा पेट्रोल-हवेचा माल सिलिंडरात येत असतो. सायलेन्सरमधून परतणारा दाब त्यातला काही माल बाहेर निसटण्यापासून अडवतो. आतलं पोट फोडलं की आवाज तर वाढतोच, कमी वेगातली ओढही जाते.

कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून गळ्याभोवती गुंडाळायचा हा सल्ला मात्र मी हसून सोडून दिला नाही, कारण तो बऱ्याच ठिकाणी चालतो. पण तो पत्रा अॅल्युमिनियमचा. इतक्या उष्णतेला मऊ पडतो, आणि खालून ठोके चालू असतील तर महिन्याभरात त्याची भुकटी होते.

तपासणीच्या कामात एक सवय लागली ती निवृत्तीनंतरही गेली नाही : पैसे घालण्याआधी कारण सिद्ध करायचं. म्हणून आधी गळ्यावर ग्रॅफाइटची दोरी गुंडाळून नळी चढवली, मागे नवी तार घट्ट पिळली आणि फक्त परीक्षेपुरती गाडी चालू केली. वहिनींच्या खिडकीच्या कठड्यावर माझा फोन, त्यात डेसिबल दाखवणारं अॅप. फोन म्हणजे काही प्रमाणित मीटर नव्हे, त्याच्या आकड्यावर कुणाला दंड करता येणार नाही. पण एकच फोन, एकच जागा, तीच गाडी, सारखाच थ्रॉटल, एवढं सांभाळलं तर दोन आकड्यांमधला फरक विश्वासाचा असतो. आदल्या दिवशी 86 दाखवत होता. आता 79. कोरडा फट् जवळजवळ गेला होता. पोतं दाबलं तर इंजिन तिसऱ्या सेकंदाला मेलं.

आप्पा काही बोलले नाहीत. घरात गेले आणि दोन चहा घेऊन आले. चहा विकणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरी चहा करून देणं याला आमच्या गल्लीत वजन आहे.

काम

उद्यमबागेत माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा आहे, आता त्याचं स्वतःचं दोन लेथचं शेड. बेळगावात हे एक बरं आहे. ओतकाम आणि मशीनिंगचं गाव असल्यामुळे पाव मिलिमीटरच्या गोष्टीसाठी पुण्याला धावावं लागत नाही. गळा सिलिंडर न काढता जागेवरच बारीक कानसीने आणि एमरी पट्टीने गोल केला. सगळा फरक काढला असता तर गळा पातळ झाला असता, म्हणून 0.3 वर थांबलो. त्या मापावर पोलादी कॉलर लेथवर काढली, तिला दोन उभ्या चिरा दिल्या म्हणजे क्लॅम्प आवळल्यावर ती गळ्याला मिठी मारेल. ओतीव लोखंड आणि पोलाद उष्णतेला जवळपास सारखंच पसरतं, त्यामुळे गरम झाल्यावरही माप सुटत नाही. उरलेल्या फटीला उष्णता सोसणारी पेस्ट. मागच्या भोकात हेलिकॉइल बसवलं : जुने आटे ड्रिलने काढून नवे पाडायचे आणि त्यात स्टेनलेसच्या तारेची स्प्रिंगसारखी आटेदार गुंडाळी घालायची. अॅल्युमिनियमला मूळ आट्यांपेक्षा ती जास्त टिकते.

कॉलर कुठल्या सायलेन्सरला वेल्ड करायची, हा प्रश्न आला तेव्हा आप्पांनी हळूच सांगितलं की पहिला, कंपनीचा, 1993 चा सायलेन्सर माळ्यावर आहे. "जाम झालाय म्हणून काढला, पण टाकवला न्हाई." मी तो हातात घेतला आणि बोटाने वाजवून पाहिला. बाजारातला सायलेन्सर टणकन वाजायचा, पातेल्यासारखा. हा ठक् करून गप्प बसला. पातळ पत्रा स्वतःच घंटेसारखा वाजतो, धुराचा आवाज त्यातून बाहेर झिरपतो. जुना पत्रा जाड होता, सांधे शाबूत होते. बाहेरून गंज होता पण आरपार कुठेही नाही, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तीस वर्षांनी हे विशेषच.

आत मात्र कोळसा. पूर्वी मेस्त्री सायलेन्सर भट्टीत लाल करून कार्बन जाळायचे, त्यात पत्रा मऊ पडतो आणि वेल्डिंग सुटतं. मी कॉस्टिक सोड्याची वाट धरली. ज्यांना करायचं असेल त्यांनी एवढं पाळा : पाण्यात सोडा थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. पाणी स्वतःच उकळल्यासारखं तापतं. रबरी हातमोजे, चष्मा, उघडी जागा. अॅल्युमिनियम किंवा जस्ताच्या वस्तूजवळ हे द्रावण न्यायचं नाही, ते तो धातू खातं. सायलेन्सर पोलादी, म्हणून चालतं. सायलेन्सरची दोन्ही तोंडं लाकडी बुचाने बंद करायची, पण घट्ट नाही, वायूला वाट हवी.

दोन दिवस तो पत्र्याच्या शेडखाली उभा होता. तिसऱ्या सकाळी बूच काढून उलटा केला, तेव्हा काळी, चकचकीत लापशी बाहेर आली आणि तिच्याबरोबर नखाएवढे कोळशाचे पापुद्रे. वास असा की वहिनींनी खिडकी लावून घेतली. चार वेळा पाण्याने धुऊन, उन्हाची वाट न पाहता चुलीच्या उबेला वाळवून तोलला. आधीपेक्षा जवळपास दीडशे ग्रॅम कमी.

एवढा कार्बन का साचला, त्याचं उत्तर चहाच्या ग्लासात होतं. अगदी शब्दशः. पेट्रोलमध्ये टू-टी तेल किती घालता, असं विचारल्यावर आप्पांनी गाड्यावरचा कटिंगचा ग्लास दाखवला. दीड लिटरला एक ग्लास. मी घरी नेऊन मोजला : 60 मिली. म्हणजे 4 टक्के. या इंजिनाला 2 टक्के, लिटरला 20 मिली पुरतं. जास्तीचं तेल जळत नाही, सायलेन्सरच्या भिंतींना चिकटतं. शिवाय गाडीचा रोजचा प्रवास शहापुरातून कपिलेश्वर उड्डाणपुलावरून स्टँडपर्यंत, फार तर तीन किलोमीटर. सायलेन्सर नीट तापायच्या आत गाडी थांबते, त्यामुळे ओलं तेल ओलंच राहतं. हिशेब बदलायला नवं माप लागलं नाही. तोच ग्लास, फक्त तीन लिटरला एक.

जोडणी करताना पुढचा क्लॅम्प आणि मागचा बोल्ट दोन्ही आधी नुसते हाताने धरले, नळी गळ्यावर पूर्ण बसली याची खात्री केली आणि मगच पाना लावला. एक बाजू आधी पिळून टाकली की दुसरी ओढून बसवावी लागते आणि गळ्यावर परत ताण येतो. गाडी एकदा स्टँडपर्यंत नेऊन आणल्यावर गरम असतानाच दोन्ही पुन्हा आवळले. क्लॅम्प पाव फेरा आणखी गेला.

फोनवर 75. पहिल्या दिवसापेक्षा 11 ने कमी. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. या 11 पैकी 7 नुसती गळती बंद करून मिळाले होते, सायलेन्सर बदलून फक्त 4.

मोठा आवाज गेला तसे लपलेले छोटे आवाज वर आले. इंजिनावरच्या झाकणाची रबरी किनार गेली होती, पत्रा पत्र्यावर थडथडत होता. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून लावली. कार्बोरेटरच्या डब्याला हवा आणणारा रबरी भाता फाटला होता, त्यातून ओढीचा घोंघाट यायचा. तो नवा बसवला. सगळे मिळून खर्च अकराशेच्या आत राहिला.

नंतर

बाळाचं काय, हे सगळे विचारतात. चेतक गप्प झाल्यावरही ते पुढचे आठ-दहा दिवस पावणेपाचलाच उठत होतं. वहिनी म्हणाल्या, सवय लागली त्याला. मग सव्वा महिना झाला आणि लेक निपाणीला गेली. जाताना आप्पांच्या दारात कुंद्याचा डबा पोचला, त्यावरून बोलणं परत सुरू झालं.

आप्पांची वेगळीच तक्रार होती. स्टँडवरचे हमाल गाडीच्या आवाजावरून ओळखायचे की आप्पा पुलावरून उतरले, आणि बाकडी मांडून ठेवायचे. "आता मी हितं येऊन हुबा ऱ्हायलो तरी कुणाला पत्ता न्हाई." नोव्हेंबरात नूतनीकरण झालं. डिसेंबरात मी परत गाडी आडवी घालून गळा मोजला. कॉलर जिथल्या तिथे, काळा ओघळ नाही.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. उड्डाणपुलावरून उतरताना थ्रॉटल बंद केला की अधूनमधून एक फट् होतो. गळती नाही, पोतं लावून पाहिलंय. तेलाचं प्रमाण निम्मं केल्यावर पेट्रोल-हवेचं मिश्रण जरा बदललं आहे, पेट्रोल जास्त जातंय. कार्बोरेटरचा स्क्रू पाव-अर्धा फेरा फिरवला की जाईल. पण कार्बोरेटरला हात लावू द्यायला आप्पा तयार नाहीत. म्हणतात, तेवढा एक असू दे, हमालांना कळायला.